क्रियाशील स्मृती : वार्धक्य व बौद्धिक थकवा

हातातले काम होईपर्यंत लागणारी माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर प्रक्रिया करण्याची मेंदूची क्षमता. ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये तिचे प्रारूप मांडले. नेल्सन कोवन यांच्या मते (2001) प्रौढ माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी अशा धरू शकतो. कपाळामागील अग्रललाट बाह्यकाचा यात मोठा वाटा असतो.

या क्षमतेचा कस पाहायचा तर तुळजापूरच्या (जि. धाराशिव) भवानीचा गोंधळ पाहावा. रात्रभर चालणारे आख्यान गोंधळ्यांच्या नायकाच्या अंगात मुरलेले असते. संबळाचा ठेका सुरू झाला की ते आपोआप उलगडते. पण यजमानाचे नाव, कूळ, गाव, साथीदाराने मध्येच टाकलेला प्रश्न आणि त्यासाठी कथा जिथे सोडली ती जागा हे सारे त्याला त्या घडीला सांभाळावे लागते. म्हाताऱ्या नायकाने यजमानाचे नाव पुन्हा विचारले, तरी आख्यान कुठे तुटत नाही. वयाचा परिणाम आधी त्या घडीला सांभाळण्यावर होतो. जन्मभराचे पाठांतर बरेच टिकते.

समोरची खूण नाहीशी झाल्यावरही अग्रललाट बाह्यकातील पेशी संदेश देत राहतात, म्हणून ती लक्षात राहते. येल विद्यापीठात माकडांवर झालेल्या प्रयोगात (2011) वयानुसार हे संदेश क्षीण झालेले आढळले. औषधाने ते काही अंशी सावरले. म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. उतारवयात नको ते आवाज बाजूला सारणेही जड जाते आणि ऐकू कमी येत असेल तर शब्द पकडण्यातच शक्ती खर्ची पडते.

बौद्धिक थकवा कोणत्याही वयात येतो. पॅरिसमधील 2022 च्या अभ्यासात दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या अग्रललाट बाह्यकात ग्लुटामेट साचलेले दिसले. हा थकवा तात्पुरता असतो. विश्रांती व झोपेने तो ओसरतो. पहाटे एसटीने निघून, उपाशीपोटी दवाखान्याच्या रांगेत ताटकळलेल्या आजींना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, तर चुकलेल्या उत्तरात हा शीणही मिसळलेला असतो. स्मृतीची अशी चाचणी सकाळी, विश्रांतीनंतर, शांत खोलीत व्हायला हवी.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण अन्यायाची आहे. भारतातील देशव्यापी पाहणीनुसार (2023) साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असतो. ओळखीची वाट चुकणे, पैशांचा नेहमीचा हिशेब न जमणे ही लक्षणे मात्र वयावर ढकलू नयेत. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही स्मृती मंदावते आणि त्यावर उपचार होऊ शकतात.