अग्निशमन व आपत्कालीन सेवेतील नेतृत्वपदे : चिकोडी–निपाणी सीमाभाग

आग, पूर, रस्त्यावरील अपघात किंवा इमारतीची पडझड अशा प्रसंगी घटनास्थळी जवानांची सूत्रे हाती घेणारी आणि एरवी केंद्र, साधने, प्रशिक्षण व आगप्रतिबंधाचे काम पाहणारी अधिकारपदे म्हणजे या सेवेतील नेतृत्वपदे. केंद्राधिकाऱ्यापासून खात्याच्या प्रमुखापर्यंत त्यांची चढण असते. बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी व निपाणी तालुक्यांत या विषयाला वेगळे महत्त्व आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी अग्निशमनाची रचना वेगवेगळ्या तत्त्वांवर केली आहे आणि त्या दोन्ही रचना इथे काही किलोमीटरच्या अंतरात समोरासमोर येतात. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर आहे.

दोन रचना. कर्नाटकात अग्निशमन हे राज्य सरकारचे खाते आहे. १९६४ च्या कर्नाटक अग्निशमन दल अधिनियमाने ते उभे राहिले. आज त्याचे नाव कर्नाटक राज्य अग्निशमन व आपत्कालीन सेवा असे असून मुख्यालय बंगळूरला आहे. चिकोडी किंवा निपाणी केंद्रातला जवान नगरपालिकेचा नोकर नसतो, तो राज्याच्या खात्याचा असतो आणि त्याची बदली राज्यात कुठेही होऊ शकते. महाराष्ट्रात याच्या उलट आहे. तिथे बंब महानगरपालिकेचा किंवा नगरपालिकेचा असतो, औद्योगिक वसाहतींसाठी एमआयडीसीचे स्वतंत्र दल असते. राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि कायद्याची अंमलबजावणी पाहते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन हे नागरी स्वराज्य संस्थांचे काम म्हणून नोंदले आहे. महाराष्ट्राची रीत त्याला जुळणारी आहे, कर्नाटकाने मात्र आपले राज्यव्यापी खाते कायम ठेवले.

अधिकाऱ्याच्या कारकिर्दीवर या फरकाचा खोल परिणाम होतो. कर्नाटकात फायरमन, लीडिंग फायरमन, सहायक केंद्राधिकारी, केंद्राधिकारी, जिल्हा अग्निशमन अधिकारी, प्रादेशिक अधिकारी आणि पुढे उपसंचालक, संचालक अशी लांब शिडी आहे. चिकोडीत भरती झालेला माणूस कलबुर्गीत बढती घेऊन मंगळूरला निवृत्त होऊ शकतो. अनुभवाची विविधता त्याला मिळते, पण एखाद्या गावाची नस ओळखू लागेपर्यंत बदलीचा हुकूम येतो. शिवाय खात्याच्या सर्वोच्च खुर्चीवर भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी बसतो. आयुष्यभर आगीशी झुंजलेल्या माणसाची वाट त्याच्या अलीकडेच संपते. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांत अग्निशामक, प्रमुख अग्निशामक, उपअधिकारी, केंद्र अधिकारी, विभागीय अधिकारी, उपप्रमुख आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी अशी चढण असते आणि शेवटच्या पायरीवर याच सेवेतला माणूस पोहोचतो. तिथली अडचण वेगळी. शहर लहान असेल तर वरची पदे मोजकी असतात आणि वरचा अधिकारी निवृत्त होईपर्यंत खालच्याला थांबावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते सेवेचा प्रमुख सेवेतूनच यावा ही महाराष्ट्रातील महानगरांची रीत अधिक योग्य आहे. मनुष्यबळ आणि साधने जिल्ह्याजिल्ह्यांत हलवता येणे ही कर्नाटकाची सोय मात्र पुराच्या काळात निर्विवाद मोलाची ठरते.

प्रवेश व प्रशिक्षण. फायरमन पदासाठी कर्नाटकात दहावी उत्तीर्ण असणे आणि शारीरिक चाचणी पार करणे आवश्यक असते. केंद्राधिकाऱ्याच्या थेट भरतीसाठी पदवी लागते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र असल्याने पहाटे रस्त्यावर धावणारी मुले या भागात नवीन नाहीत. सैन्य, पोलीस आणि अग्निशामक दल अशा तिन्ही भरत्यांची तयारी बहुतेक जण एकत्रच करतात. मराठी माध्यमात शिकलेल्यांना लेखी परीक्षा आणि पुढचा दप्तरी व्यवहार कन्नडमध्ये जमवावा लागतो. जो हे लवकर मनावर घेतो त्याची बढती अडत नाही. दुसरी वाटही आहे : महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक रहिवाशांना त्या राज्याच्या शासकीय भरतीत अर्ज करण्याची मुभा आहे आणि त्या यादीत निपाणी येते.

कर्नाटकातील जवानांचे व अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण बंगळूरच्या बन्नेरघट्टा रस्त्यावरील आर. ए. मुंडकूर अकादमीत होते, महाराष्ट्राची अकादमी मुंबईत कलिना येथे आहे. अधिकारी घडवणारी देशातली मुख्य संस्था मात्र नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९५६ मध्ये रामपूर येथे ते सुरू केले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला हलवले. उपअधिकारी, केंद्र अधिकारी आणि विभागीय अधिकारी यांचे अभ्यासक्रम तिथे चालतात. अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी १९७८ पासून दिली जाते. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तोवर तिथे एकही मुलगी शिकलेली नव्हती. पुढे त्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या अग्निशमन सेवेत गेल्या. सीमाभागातील मुलींना ही वाट ठाऊक करून देण्याचे काम शाळा-महाविद्यालयांकडून अजून फारसे झालेले नाही, ते व्हायला हवे.

चिकोडी परिसरातील काम. तालुक्याच्या केंद्राचा अधिकारी हा या सेवेतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक माणूस आहे. त्याच्याकडे मोजके जवान आणि मोजकी वाहने असतात. वरिष्ठ बेळगावहून पोहोचेपर्यंत आगीची दिशा ठरून गेलेली असते. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातले सगळे निर्णय त्याचे. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार तीन लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहरात दर ५०,००० माणसांमागे एक पंप असावा. २०११ च्या जनगणनेत निपाणी शहराची लोकसंख्या सुमारे ६३,००० होती. पण निपाणीचा बंब एकट्या शहरासाठी नसतो, भोवतालची गावे आणि वाड्या-वस्त्याही त्याच्यावरच विसंबून असतात. फोन करणारा पत्ता म्हणून मळा, पाणंद, ओढा, ट्रान्सफॉर्मर अशा खुणा सांगतो आणि तेही घाईघाईत, मराठीत किंवा कन्नडमध्ये. या दोन्ही भाषा न कळणारा अधिकारी इथे पहिली पाच मिनिटे गमावतो.

इथल्या आगींची जात इथल्या पिकांवरून ठरते. निपाणी ही विडी तंबाखूची जुनी बाजारपेठ. वखारीत थप्पीला लावलेले तंबाखूचे बोद पेटले की ज्वाळा कमी आणि धूर फार. आग आतल्या आत धुमसत राहते, वरून पाणी मारून विझल्यासारखी वाटते आणि काही तासांनी पुन्हा उठते. थप्प्या फोडून, माल बाहेर ओढून, थर उलगडत पाणी मारावे लागते. मालक माल भिजू नये म्हणून काकुळतीला आलेला असतो आणि जवानांना आत पाठवायचे की भिंत पाडायची हे केंद्राधिकाऱ्याला ठरवायचे असते. उसाच्या फडाची आग याच्या अगदी उलट, वाऱ्यावर धावणारी. विजेच्या तारांच्या घर्षणाने ठिणगी पडली की एकरामागून एकर जातो. तिथे बंबापेक्षा पुढचा पट्टा तोडून आग अडवणे कामी येते आणि त्यासाठी गावकऱ्यांना हुकमात घेणे भाग पडते. चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा आणि निपाणीचा हालसिद्धनाथ हे या भागातले सहकारी साखर कारखाने. कारखान्याच्या आवारातल्या बगॅसचे ढीग दिवसेंदिवस धुमसू शकतात. इथेनॉलची भर पडल्यापासून नवे ज्ञान लागते. शुद्ध अल्कोहोलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि साधा फेस त्यावर टिकत नाही, अल्कोहोलला दाद न देणारा फेसच वापरावा लागतो. कारखान्यांत सुरक्षा अधिकाऱ्यांची गरज त्यामुळे वाढत चालली आहे. कोल्हापूरचा उजळाईवाडी व बेळगावचा सांबरा विमानतळ इथली अग्निशमन पथके हीदेखील या क्षेत्रातील कारकिर्दीची ठिकाणे आहेत.

पुणे-बंगळूर महामार्गावरचा तवंदी घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. चेपलेल्या केबिनमधून चालकाला कापून बाहेर काढणे, टँकरमधून गळणारे द्रव्य ओळखणे, दोन्ही बाजूंची वाहतूक वेळेत थांबवणे ही कामे तिथे येतात.

पूर. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांच्या काठची मांगूर, कारदगा, भोज, कुन्नूर, सदलगा, यडूर ही गावे दर पावसाळ्यात नदीकडे डोळे लावून असतात. कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी असे सखल बंधारे-पूल पाण्याखाली गेले की गावांचे नेहमीचे रस्ते तुटतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर चढले आणि वाहतूक बंद पडली. या पुराचा उगम चिकोडीत नसतो. पाऊस पडतो राधानगरी, भुदरगड आणि महाबळेश्वरच्या डोंगरांत. पाणी सुटते काळम्मावाडी, पाटगाव, कोयना या महाराष्ट्रातल्या धरणांतून. म्हणून इथल्या आपत्कालीन अधिकाऱ्याला कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती विसर्ग चालू आहे याची रोज चौकशी करावी लागते. बोटी बाहेर काढण्याची वेळ त्यावरून ठरते.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणाली आखून दिली, तीत एका घटनेला एकच प्रमुख असतो. मैदानावर महसूल, पोलीस, अग्निशामक दल आणि राज्य व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दले एकत्र येतात. राष्ट्रीय दलाच्या महाराष्ट्राकडे पाहणाऱ्या तुकड्या पुणे जिल्ह्यातल्या पाचव्या बटालियनच्या आणि कर्नाटकाकडे पाहणाऱ्या आंध्र प्रदेशातल्या दहाव्या बटालियनच्या. चिकोडीला पुणे जवळ आहे.

हुकमाचा प्रश्न. हुकूम एकाचा नसला की काय होते याचा सर्वांत दारुण दाखला १४ एप्रिल १९४४ चा, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतला. फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. आग लागल्यावर जहाज बुडवावे की बाहेर ओढून न्यावे यावर बंदर, लष्कर आणि जहाजाचा कप्तान यांची मते जुळली नाहीत. अग्निशमन प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांचे जवान पाणी मारत राहिले आणि स्फोटात त्यांतील ६६ जण मृत्युमुखी पडले. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. दुसरा दाखला मुंबईचाच : ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली, इमारत कोसळली आणि मुंबई दलाचे चार अधिकारी गेले : संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्यात, उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर पुढच्या काही दिवसांत रुग्णालयात. दलाचा प्रमुखच गमावण्याची वेळ मुंबईवर आली. अधिकारी जवानांच्या पुढे राहतो ही आपल्या दलांची परंपरा आदराचीच आहे. तरीही इमारतीची ताकद बाहेर उभे राहून पाहणारा आणि वेळेत माघारीचा हुकूम देणारा एक वरिष्ठ असायलाच हवा. तालुक्याच्या केंद्रात हा दुसरा वरिष्ठ बहुधा नसतोच, म्हणून लीडिंग फायरमनला हुकूम देण्याचे शिक्षण मिळणे अत्यंत निकडीचे आहे.

सीमेपलीकडची मदत. मोठी आग असली की राज्याची हद्द न पाहता बंब मागवण्याची वेळ येऊ शकते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. त्याच आठवड्यात बेळगावजवळ नावगे येथील कारखान्याच्या आगीत एक कामगार दगावला. अशा दोन घटना एकाच रात्री घडल्या तर या पट्ट्यातली साधने कुठे कुठे पुरणार, याचा हिशेब दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी आधीच एकत्र बसून करायला हवा. तांत्रिक अडचण फारशी नाही. होजपाइपचे ६३ मिलिमीटरचे कपलिंग भारतीय मानकाप्रमाणे देशभर एकच असल्याने सीमेपलीकडच्या कागलचा पाइप निपाणीच्या बंबाला लागतो. बंब पाठवण्याचा अधिकार कोणाला, पलीकडे गेल्यावर जवान कोणाचा हुकूम मानणार, डिझेलचा आणि जखमी जवानाच्या उपचाराचा खर्च कोणाचा, हे मात्र लेखी ठरलेले असावे लागते. असा करार जिल्हाधिकारी पातळीवर करून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची संयुक्त कवायत घेणे दोन्ही राज्यांना शक्य आहे, आणि केंद्राधिकाऱ्याला वरून परवानगीची वाट न पाहता शेजारच्या केंद्राला थेट बोलावण्याचा हक्क त्यात पहिल्या कलमातच असावा.