तीव्र हवामानातील आरव्ही निवारा

तीव्र हवामानातील आरव्ही निवारा म्हणजे टॉर्नेडो, गारपीट, वादळी वारे, आकस्मिक पूर किंवा हरिकेन यांच्या काळात आरव्हीतून (मनोरंजन वाहनातून) प्रवास करणाऱ्यांनी स्वतःसाठी व वाहनासाठी सुरक्षित जागा शोधण्याची पद्धत होय. आरव्ही या संज्ञेत निवासाची सोय असलेली मोटरहोम आणि दुसऱ्या वाहनाने ओढले जाणारे ट्रेलर या दोहोंचा समावेश होतो. हा विषय मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी निगडित आहे. तेथे आरव्ही प्रवास लोकप्रिय असून दरवर्षी सरासरी १,००० हून अधिक टॉर्नेडोंची नोंद होते. आरव्ही हे राहण्याचे ठिकाण असले, तरी तीव्र वादळात ते निवारा ठरत नाही, हे या विषयातील मूलभूत तत्त्व आहे.

असुरक्षिततेची कारणे

आरव्हीची बाजू उंच व सपाट असल्याने वाऱ्याचा मोठा दाब तिच्यावर येतो. भिंती वजनाला हलक्या असतात आणि वाहन घराप्रमाणे पायाला जोडलेले नसते. त्यामुळे घराच्या केवळ छपराचे नुकसान करणाऱ्या वाऱ्यातही ट्रेलर उलटू शकतो. १० जुलै २०१८ रोजी मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटा राज्यातील वॉटफर्ड सिटी येथील आरव्ही तळावर ईएफ२ श्रेणीचा टॉर्नेडो आदळला. त्यात अनेक वाहने उलटली व एका नवजात बालकाचा मृत्यू झाला. सुधारित फुजिता श्रेणीत ईएफ० ते ईएफ५ असे सहा वर्ग असून ईएफ२ हा त्यांतील तिसरा वर्ग आहे.

हवामानाच्या सूचना

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा दोन प्रकारच्या सूचना देते. 'वॉच' म्हणजे वादळास अनुकूल परिस्थिती असल्याची पूर्वसूचना. ती विस्तृत प्रदेशासाठी व साधारणतः काही तासांसाठी असते. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ प्रत्यक्ष दिसल्याचा किंवा रडारवर त्याची चिन्हे आढळल्याचा इशारा. टॉर्नेडोच्या बाबतीत इशाऱ्यानंतर सहसा काही मिनिटांचाच अवधी मिळतो. म्हणून वाहन हलवण्याचा निर्णय पूर्वसूचनेच्या काळात घ्यावा लागतो. इशारा आल्यावर वाहनाचा विचार सोडून माणसांनी पक्क्या इमारतीत जाणे आवश्यक असते.

प्रवाशांपुढे आणखी एक अडचण असते. हे इशारे काउंटी व स्थानिक गावांच्या नावांनी प्रसारित होतात आणि परक्या राज्यातून आलेल्या प्रवाशाला आपण कोणत्या काउंटीत आहोत हे अनेकदा ठाऊक नसते. यासाठी मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच काउंटीचे नाव, शेजारच्या काउंट्या आणि जवळचे गाव यांची नोंद करून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. हवामान रेडिओ संच १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ दरम्यानच्या सात वारंवारितांवर चालतो. मोबाइल सेवा नसलेल्या भागात व रात्री झोपेच्या वेळी तो विशेष उपयुक्त ठरतो.

माणसांसाठी निवारा

टॉर्नेडोपासून बचावासाठी तळघर, खास बांधलेली सुरक्षित खोली किंवा पक्क्या इमारतीच्या सर्वांत खालच्या मजल्यावरील खिडकी नसलेली आतली खोली योग्य मानली जाते. संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या निकषांनुसार सर्वाधिक धोक्याच्या प्रदेशातील सुरक्षित खोली ताशी सुमारे ४०० किलोमीटर वेगाचा वारा सोसेल अशी बांधावी लागते. अनेक आरव्ही तळांवर काँक्रीटची स्नानगृहे किंवा धुलाईघरे निवारा म्हणून वापरली जातात. टेक्सासमध्ये महामार्गांवरील काही विश्रांतिस्थळांवर टॉर्नेडो निवारे बांधलेले आहेत. निवाऱ्याची जागा, तेथे जाण्याचा रस्ता आणि तो रात्री उघडा असतो की नाही, याची चौकशी मुक्कामाला पोहोचल्यावर लगेच करणे हितावह असते.

महामार्गावरील पुलाखाली आश्रय घेणे धोकादायक आहे. तेथे वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वस्तूंपासून संरक्षण मिळत नाही आणि थांबलेल्या वाहनांमुळे इतरांचा मार्ग अडतो. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमामध्ये पुलांखाली आश्रय घेतलेल्या तीन व्यक्तींचा मृत्यू झाला होता. इमारत गाठणे अशक्यच असेल, तर मोटारीत पट्टा बांधून डोके खिडकीच्या पातळीखाली झाकून घेणे किंवा रस्त्यापेक्षा खोल जागी आडवे होणे, हे शेवटचे पर्याय आहेत.

वाहनासाठी निवारा

गारपिटीपासून वाचण्यासाठी पक्के छत असलेली व आरव्हीच्या उंचीला पुरेशी जागा लागते. इंधन पंपावरील छत गारांपासून काहीसे संरक्षण देते, परंतु जोरदार वाऱ्यात ते सुरक्षित नसते. उघड्यावर थांबावे लागल्यास मोठी झाडे व विजेच्या तारांपासून दूर जागा निवडली जाते. शक्य असल्यास वाहनाचे तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवतात. कापडी कनात गुंडाळणे, बाहेर सरकणारे कप्पे आत घेणे, प्रोपेन गॅस बंद करणे व बाहेरील वीजजोडणी काढणे ही कामे वादळ येण्यापूर्वीच करायची असतात.

पूर आणि हरिकेन

नदीकाठचे तळ रमणीय असले, तरी आकस्मिक पुरात ते सर्वाधिक धोक्याचे ठरतात. ११ जून २०१० रोजी पहाटे आर्कान्सामधील अल्बर्ट पाइक तळावर लिटल मिझूरी नदीला आलेल्या पुरात २० जणांचा बळी गेला. ४ जुलै २०२५ रोजी टेक्सासमधील ग्वाडालूप नदीच्या पुराने काठावरील आरव्ही तळांनाही तडाखा दिला. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी बहुतेक मोटारींना, तर सुमारे ६० सेंटिमीटर पाणी अधिक जड वाहनांनाही वाहून नेऊ शकते. त्यामुळे पाण्यातून वाहन नेण्याऐवजी पायी लगतच्या उंच जागी जाणे श्रेयस्कर असते.

हरिकेनची पूर्वसूचना बहुधा काही दिवस आधी मिळते. अशा वेळी आरव्हीची गतिशीलता उपयोगी पडते, कारण ती किनाऱ्यापासून दूर नेता येते. मात्र वारा वाढल्यावर उंच वाहनांसाठी पूल बंद होऊ शकतात व रस्त्यांवर कोंडी होते. म्हणून स्थलांतराच्या अधिकृत आदेशाची वाट न पाहता लवकर निघण्याची शिफारस केली जाते. तेवढा वेळ हाती नसल्यास वाहन तेथेच सोडून सार्वजनिक निवाऱ्यात जाणे हाच सुरक्षित मार्ग मानला जातो.