गाणं शिकवायला गुरुजी किती लांब चालतील?

मंडळी, आमच्या सोसायटीत सध्या नवीच लाट आलीय. कोणाचं पोरगं सेनेगलच्या गुरूकडून झूमवर जेंबे शिकतंय, कोणाची कन्या आयरिश बासरी. आमच्या घरीही शनिवारी सकाळी लॅपटॉपसमोर जेंबे बडवला जातो. "असं लांबून कधी गाणं येतं का?" असं खालच्या मजल्यावरच्या काकांनी परवा विचारलं. मी मूळचा चंद्रपूरचा, धंद्याने सॉफ्टवेअरवाला. असा प्रश्न आला की वीकेंड गेलाच म्हणून समजा.

तर काका, लांबून गाणं शिकवायचा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी बनवली आणि पुस्तकं छापली. गुरूच्या गळ्यातलं गाणं कागदावर आलं की ते पोस्टाने जाऊ शकतं! पुढे 1931 साली त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ काढलं, आणि 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' या परीक्षा तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या. कलकत्त्याला पंकज मलिक 1929 पासून रेडिओवर गाण्याची शिकवणी घेत. आमच्याकडे नागपूर आकाशवाणी 1948 साली आली. असो.

पण चंद्रपूरकडे याहूनही जुनी एक सोय होती, आणि तिच्यात गुरुजीच घरी यायचे. राजगोंडांचे परधान. प्रत्येक परधान घराण्याचे यजमान ठरलेले. त्यांच्या दारी जायचं, तीन तारांची किकरी गजाने वाजवत त्या कुळाची कथा गायची आणि धान्य, कपडा, क्वचित जनावर घेऊन पुढच्या गावी जायचं. घरातली लहान पोरं ऐकत बसायची. त्यांच्या कुळाचा इतिहास असा गाण्यातून त्यांच्यापर्यंत यायचा. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक परधानांची घरची भाषा मराठी, आणि गाणं मात्र गोंडीत.

हे सगळं 1940 च्या दशकात शेजारच्या आदिलाबादमध्ये राहून लिहून ठेवलं ते हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने. 1948 साली राजगोंडांवर त्याचं पुस्तक आलं. नंतर तो लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि त्याचे फोटो व फिल्म तिथल्या 'सोआस' संस्थेत आहेत. त्याच लंडनमध्ये 1987 साली छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं एका पबमध्ये जमली. दुकानात कुठल्याच कप्प्यात न बसणाऱ्या परदेशी रेकॉर्डसाठी कप्प्याला नाव हवं होतं. ठरलं 'वर्ल्ड म्युझिक'. म्हणजे लंडनच्या हिशोबाने आमची किकरीसुद्धा त्याच कप्प्यातली, जेंबेच्या शेजारी. आमच्या सोसायटीच्या हिशोबाने मात्र ती कुठल्याच कप्प्यात नाही. जेंबेचे ऑनलाइन क्लास शोधले तर ढिगाने सापडतात. किकरीचा एकही मला सापडला नाही.

आता थोडं इंजिनिअरसारखं बोलतो. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज पोचायला सहज शंभर-दीडशे मिलिसेकंद लागतात. एकत्र वाजवायचं तर पंचवीस-तीसच्या वर गेलं की ताल सुटतो. म्हणून ऑनलाइन तासात गुरू वाजवतो, पोर ऐकतं, मग पोर वाजवतं. हे बरं चालतं. गडचिरोलीतल्या माडियांचं रेला गाणंही अर्धं असंच आहे; एका गटाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने ती घ्यायची. तेवढं झूमवर जमेल. पण हातात हात गुंफून सगळ्यांचे पाय एका क्षणी पडायला हवेत, ते कसं जमणार? ते गोटुलात होतं. संध्याकाळी गावची पोरं जमतात, मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात, वेगळा मास्तर नाही.

आणि इथेच खरी अडचण आहे. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला. शिक्षणासाठी सहा-सात वर्षांची मुलं गाव सोडून आश्रमशाळेत राहायला जातात. शाळा हवीच, त्याबद्दल वाद नाही. 1976 साली हेमलकशाला शाळा सुरू झाली नसती तर तिथून डॉक्टर, वकील घडले नसते. पण संध्याकाळी गोटूल भरतं तेव्हा मूल वसतिगृहात असतं. म्हणजे स्वतःच्या गावचं गाणं लांबून शिकायची गरज माझ्या लेकीपेक्षा त्या मुलाला जास्त आहे!

फोनवरून ते होऊ शकतं याचा पुरावाही आहे. छत्तीसगडमध्ये 2010 साली शुभ्रांशु चौधरींनी 'सीजीनेट स्वरा' सुरू केलं. साध्या मोबाइलवरून नंबर लावायचा आणि आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, गोंडीतसुद्धा. लोक रस्त्याच्या, रेशनच्या तक्रारी सांगायचे आणि मधूनच गाणी म्हणायचे. इकडे धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने 2019 साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या नावातच 'गोटूल' आहे.

जेंबेच्या तासाची फी आम्ही डॉलरमध्ये भरतो. रेलाचा तास घेणारं भामरागडकडचं कोणी भेटलं तर तेवढीच फी रुपयांत द्यायला मी तयार आहे. तास गोटुलातून व्हावा आणि तिथली पोरं बाजूला असावीत, एवढंच. वार कुठलाही चालेल, ज्या दिवशी रेंज मिळेल तो.