बुकित बातोकची एक जागा

जुलै २००८मध्ये सिंगापूरमधल्या बुकित बातोकचे खासदार ओंग चिट चुंग यांचं निधन झालं. त्यांच्या जागी मे २०११च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत कोणीही निवडून आलं नाही. मार्च २०१६मध्ये त्याच बुकित बातोकच्या खासदाराने राजीनामा दिला, तेव्हा मात्र आठ आठवड्यांत मतदान पार पडलं. वस्ती तीच, नाव तेच. पहिल्या वेळी बुकित बातोक हा जुराँग या गट-मतदारसंघाचा एक विभाग होता, दुसऱ्या वेळी स्वतंत्र मतदारसंघ. या मतदारसंघाची वाटचाल सांगावीशी वाटते ती याच फरकापायी.

बुकित बातोक मतदारसंघ १९७२च्या निवडणुकीत प्रथम अस्तित्वात आला. पीपल्स ॲक्शन पार्टीचे, म्हणजे पीएपीचे चाय चोंग यी यांनी १९८८पर्यंत तो सांभाळला. याच काळात ग्रॅनाइटच्या खाणी आणि काम्पोंग वस्त्या मागे पडून तिथे एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारती उभ्या राहू लागल्या. १९९०मध्ये एमआरटी मेट्रोचं स्टेशनही आलं. चाय यांच्यानंतरचे ओंग चिट चुंग मुळात इतिहासाचे अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्ध मलायाच्या बचावाची ब्रिटिश योजना, हा त्यांच्या ग्रंथाचा विषय. बुकित बातोक टेकडीवर जपान्यांनी युद्धकैद्यांना राबवून स्मारक उभारलं होतं. त्याच्या १२० पायऱ्या अजून शाबूत आहेत. त्या भागाला असा लोकप्रतिनिधी मिळावा, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

१९८८मध्येच सिंगापूरने गट-मतदारसंघांची पद्धत आणली. पक्षाने अनेक उमेदवारांचा (सुरुवातीला तीन, आता चार-पाच) चमू उभा करायचा, त्यात अल्पसंख्याक समाजातला निदान एक जण हवाच आणि मतदाराने मत द्यायचं ते अख्ख्या चमूला. हेतू चांगला होता. बुकित बातोक तेव्हा यातून बाहेर राहिला. १९९१मध्ये शेजारचा बुकित गोम्बाक सिंगापूर डेमोक्रॅटिक पार्टीने (एसडीपी) जिंकला. बुकित बातोकमध्येही लढत चुरशीची झाली, पण ओंग यांनी जागा राखली. जानेवारी १९९७च्या निवडणुकीत बुकित बातोक बुकित तिमाह गटात विलीन झालेला होता. २००१मध्ये तो गटही गेला आणि बुकित बातोक जुराँगकडे आला. २००६मध्ये जुराँगमध्ये दुसरा चमूच उभा राहिला नाही, म्हणून मतदानही झालं नाही.

मग २००८. गटातला एखादा खासदार गेला तर पोटनिवडणूक होत नाही. सगळे सदस्य गेले तरच होते. ओंग यांच्यानंतर हलीमा याकोब यांनी बुकित बातोकचं काम पाहिलं. दर आठवड्याला इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, म्हणजे व्हॉइड डेकवर, लोक खासदारासमोर गाऱ्हाणी घेऊन बसतात आणि तिथूनच सरकारी खात्यांना पत्रं जातात. ते सगळं चालू राहिलं. पण सेवा चालू राहणं वेगळं आणि आपला माणूस आपण निवडणं वेगळं.

२०१५मध्ये स्वतंत्र बुकित बातोक परत आला. पीएपीचे डेव्हिड ओंग ७३ टक्के मतं मिळवून निवडून आले आणि सहा महिन्यांत वैयक्तिक कारणावरून पायउतार झाले. हौगांगमधल्या एका सफाई कामगार महिलेने दाद मागितल्यावर २०१३मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं होतं, की एक-सदस्यीय जागा रिकामी झाली तर पंतप्रधानांनी वाजवी मुदतीत निवडणूक घ्यायलाच हवी. ७ मे २०१६ला बुकित बातोकने मतदान केलं. पीएपीचे वकील मुरली पिल्लै यांना १४,४२८ मतं मिळाली, एसडीपीचे ची सून जुआन यांना ९,१४२. चिनी मतदार बहुसंख्य असलेल्या भागात एक भारतीय वंशाचा उमेदवार चमूच्या आधाराशिवाय चिनी प्रतिस्पर्ध्याला हरवतो, हे गट-मतदारसंघांच्या मूळ गृहीतकालाच दिलेलं उत्तर आहे. या निकालाची जितकी चर्चा व्हायला हवी होती, तितकी झाली नाही, असं माझं मत आहे.

२०२०मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. १५,५०० विरुद्ध १२,७८७. पराभवानंतर इथे पाय रोवून राहिलेल्या ची यांनी अंतर निम्म्यावर आणलं होतं. मतदारांना दोघांचीही नीट पारख झालेली होती. अशी लढत कुठल्याही लोकशाहीला भूषणावह.

११ मार्च २०२५ला सीमा-आढावा समितीचा अहवाल आला आणि मतदारसंघ गेला. शेजारचा युहुआही गेला. दोन्ही नव्या जुराँग ईस्ट–बुकित बातोक गटात सामावले. एसडीपीने नाराजी व्यक्त केली. अहवाल ते मतदान, मध्ये दोन महिनेही नव्हते. आपल्याकडे नाथ पै आणि मधू दंडवते यांचा राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला, तेव्हा कोकणाला हळहळ वाटलीच. पण ते काम परिसीमन आयोगाने मसुदे जाहीर करून, जनसुनावण्या घेऊन काही वर्षं चालवलं होतं. सिंगापूरच्या समितीत वरिष्ठ सनदी अधिकारी असतात आणि ती पंतप्रधान नेमतात. लोकसंख्या सरकते तशा सीमा सरकणारच, हे मान्य. मतदाराला ते आधी कळायला हवं, आणि त्यावर बोलायची संधीही मिळायला हवी.

३ मे २०२५ला ची सून जुआन सेम्बावांग वेस्टमधून लढले आणि ४६.८१ टक्के मतं घेऊन हरले. मुरली पिल्लै पाच जणांच्या चमूतून निवडून आले आणि बुकित बातोकचं काम त्यांच्याकडेच आहे. उद्या कुठल्याही कारणाने ती जागा रिकामी झाली, तर तिथल्या मतदाराच्या हाती पुन्हा २००८चाच नियम आहे.