गोबरगॅस
शेण हवाबंद टाकीत कुजवून मिळणारा जळाऊ वायू. अमेरिकेत काही शेतकरी स्वतःच्या जमिनीतल्या विहिरीचा नैसर्गिक वायू घरात वापरतात. इचलकरंजीलगतच्या कबनूरला (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) तशी आशा नाही : खाली दख्खनचा बेसॉल्ट, आणि खनिज वायू काढायला १९४८ च्या कायद्याखाली सरकारी पट्टा लागतो. घरचा वायू यायचा तो गोठ्यातूनच. शेण-पाणी समप्रमाणात कालवतात. जिवाणूंमुळे सुमारे ५५ ते ६५ टक्के मिथेन असलेला वायू तयार होतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. थंडीत वायू घटतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासून असा वायू मिळवला होता. वायू निघाल्यावर टाकीत उरलेली पातळ राबडी, म्हणजे स्लरी, खत म्हणून वापरतात. उसाच्या पट्ट्यात तिचे मोल वायूहून कमी नाही.