विमा परवाना, अमेरिकेतील

अमेरिकेत विमा विकणाऱ्या, तो घेण्यासाठी ग्राहकाचे मन वळवणाऱ्या किंवा त्याच्या अटींची बोलणी करणाऱ्या व्यक्तीला राज्याच्या विमा खात्याकडून घ्यावी लागणारी परवानगी. संपूर्ण देशात चालेल असा एकच परवाना तेथे नाही. प्रत्येक राज्याचा विमा कायदा वेगळा आणि विमा आयुक्तही वेगळा.

या व्यवस्थेचे मूळ एका एजंटाच्या खटल्यात आहे. व्हर्जिनियातील सॅम्युएल पॉल न्यूयॉर्कच्या अग्निविमा कंपन्यांसाठी काम करी. परराज्यातील कंपनीने रोखे अनामत ठेवल्याशिवाय तिच्या एजंटाला परवाना द्यायचा नाही, असा व्हर्जिनियाचा कायदा होता. पॉलने परवान्याविना पॉलिसी दिली आणि त्याला 50 डॉलर दंड झाला. विम्याचा करार म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1869 मध्ये दिला आणि विमा राज्यांच्या अखत्यारीत राहिला. 1944 मध्ये न्यायालयाने हे मत बदलले. पण लगेच 1945 मध्ये मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून काँग्रेसने नियमनाचा अधिकार राज्यांकडेच ठेवला.

परवाना शाखेनुसार मिळतो : आयुर्विमा, अपघात व आरोग्य, मालमत्ता, दायित्व इत्यादी. गुंतवणुकीशी जोडलेल्या पॉलिसी विकायच्या तर रोखेविक्रीची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. परीक्षेपूर्वी काही राज्ये ठरावीक तासांचे शिक्षण सक्तीचे करतात, टेक्सासमध्ये तशी अट नाही. त्यानंतर परीक्षा, अनेक राज्यांत बोटांचे ठसे आणि पूर्ववृत्ताची तपासणी. अप्रामाणिकपणाच्या किंवा विश्वासघाताच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला 1994 च्या संघीय कायद्यानुसार नियामकाच्या लेखी संमतीशिवाय या व्यवसायात राहताच येत नाही. भारतात 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर एजंटाला परवाना देण्याची पद्धत संपली आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्याची नेमणूक विमा कंपनीच करू लागली. अमेरिकेत परवाना राज्याचा असतो, कंपनीची नेमणूक त्याच्या जोडीने येते.

परीक्षा एकदाच द्यावी लागते. खरी कसोटी परवाना टिकवण्यात आहे. बहुतेक राज्यांत दर दोन वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी साधारण 24 तासांचे शिक्षण लागते, त्यातले 3 तास व्यावसायिक नीतीचे. विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने (स्थापना 1871) 2000 मध्ये केलेला नमुना कायदा बहुतेक राज्यांनी थोड्याफार फरकाने स्वीकारला आहे. त्यानुसार पत्ता बदलला किंवा दुसऱ्या राज्याने कारवाई केली, तर 30 दिवसांत कळवावे लागते. मुदत चुकलीच, तर बारा महिन्यांच्या आत दुप्पट शुल्क भरून परीक्षेविना परवाना परत मिळतो. ग्राहकाचा हप्ता स्वतःसाठी वापरणे, अर्जावर दुसऱ्याची सही करणे, परीक्षेत नक्कल करणे ही परवाना रद्द होण्याची कारणे आहेतच. पण न्यायालयाने ठरवलेला मुलांचा निर्वाहखर्च न देणे किंवा राज्याचा आयकर बुडवणे हीसुद्धा त्या यादीत आहेत. ही कठोरता रास्तच म्हटली पाहिजे. आयुर्विमा घेणारा आज पैसे देतो आणि वचन पाळले गेले की नाही, हे बहुधा त्याच्या पश्चात कुटुंबाला कळते. एजंटाची फसवणूक तोवर झाकलेली राहू शकते.

एजंट दुसऱ्या राज्यात राहायला गेला, तर 90 दिवसांत अर्ज केल्यास सहसा नव्याने परीक्षा द्यावी लागत नाही. मूळ राज्यात राहून इतरत्र विक्री करायची असेल, तर तेथील अनिवासी परवाना लागतो. तोही परीक्षेविना मिळतो आणि त्याचे अर्ज 1996 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदणी यंत्रणेमार्फत एकत्र पाठवता येतात. शुल्क व नूतनीकरण मात्र राज्यागणिक वेगळेच. सीमेलगत काम करणाऱ्या छोट्या एजंटाला हा भार जाणवतो. तो हलका करण्यासाठी अनिवासी परवान्यांचे एक राष्ट्रीय मंडळ स्थापण्याची तरतूद 2015 मध्ये झाली, परंतु त्यानंतर अनेक वर्षे त्याच्या संचालकांच्या नेमणुकाच झाल्या नाहीत.