वाहनक्रमांकापासून मालकापर्यंत : परिवहन नोंदवही व पोलीस तपास – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सोलापूर शहराच्या रस्त्यांवर एमएच-१३ या स्थानिक क्रमांकाच्या वाहनांबरोबरच विजयपूरची केए-२८, कलबुर्गीची केए-३२ आणि धाराशिवची एमएच-२५ ही वाहने नित्य दिसतात. पुणे-हैदराबाद महामार्ग, कर्नाटकाची लगतची सीमा आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर या तीर्थक्षेत्रांकडे जाणारी वाहतूक यांमुळे हे शहर परक्या क्रमांकांचे शहर झाले आहे. खुद्द जिल्ह्यातही अकलूज कार्यालयाचा एमएच-४५ हा स्वतंत्र क्रमांक आहे. अशा ठिकाणी पाटीवरील क्रमांकावरून वाहनाच्या मालकापर्यंत पोलीस कसे पोहोचतात, या मार्गाचा इतिहास काय आणि त्या मार्गावर कायद्याने कोणते अडसर ठेवले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

क्रमांकाच्या पाटीचा उगमच पोलिसी आहे. १८९३ साली पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने काढलेल्या आदेशात ती प्रथम बंधनकारक झाली. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने ती आली. भारतात १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने वाहननोंदणी व चालक परवाना या दोन्ही बाबी अखिल ब्रिटिश भारतासाठी एका कायद्याखाली आणल्या. त्याची जागा पुढे १९३९ च्या व नंतर १९८८ च्या कायद्याने घेतली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आरंभापासून नोंदी दोन होत्या : एक वाहनाची, दुसरी चालकाची. पाटीवरील क्रमांक पहिल्या नोंदीकडे नेतो. दुसरीकडे तो आपोआप नेत नाही. ही दरी भरून काढण्यासाठी कायद्याने मालकावरच एक कर्तव्य लादले. पोलिसांनी विचारल्यास त्या वेळी वाहन कोण चालवीत होते, त्याचे नाव, पत्ता व परवान्याचा तपशील मालकाने सांगितला पाहिजे. १९३९ च्या कायद्यातील कलम ८८ आणि १९८८ च्या कायद्यातील कलम १३३ यांचा आशय हाच आहे.

१ जुलै १९८९ रोजी नवा कायदा अमलात आल्यानंतर राज्याची अक्षरे व कार्यालयाचा अंक असलेली आजची क्रमांकपद्धती रूढ झाली. कोणत्या कार्यालयाकडे विचारणा करावयाची, हे पाटी पाहताच कळू लागले. तरी नोंद मात्र त्या कार्यालयाच्या कपाटातच होती. सोलापुरातील अंमलदारास केए-२८ क्रमांकाच्या ट्रकचा मालक हवा असेल, तर विजयपूरच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करणे वा माणूस पाठविणे भाग होते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ९१ नुसार ठाणे अंमलदार लेखी आदेशाने दस्तऐवज मागवू शकत असे. विचारणेचा कागद मागे उरत असे, आणि माझ्या मते नागरिकाचे खरे संरक्षण त्या कागदात व त्या विलंबातच होते. कायद्याने ते हेतुपुरस्सर दिलेले नव्हते.

या नोंदवहीचे सामर्थ्य सर्वांच्या प्रत्ययास आले ते १९९३ साली. १२ मार्चच्या मुंबईतील बाँबस्फोटांनंतर वरळी येथे एमएफसी १९७२ या जुन्या पद्धतीच्या क्रमांकाची मारुती व्हॅन शस्त्रांसह बेवारस आढळली. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ती मेमन कुटुंबातील एका स्त्रीच्या नावे निघाली, आणि तपास माहीमच्या अल-हुसैनी इमारतीपर्यंत पोहोचला.

याच्या उलट उदाहरण मालेगावचे. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाशी जोडलेल्या दुचाकीवरील क्रमांक बनावट होता, म्हणून तपास इंजिन व सांगाडा क्रमांकांकडे वळला. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले. दुचाकीची मालकी सिद्ध झाली नाही, कारण सांगाडा क्रमांक पूर्णपणे वाचता आला नव्हता. नोंदवही कितीही चोख असो, तिच्याकडे नेणारा क्रमांक खरा असावा लागतो. २००१ साली नियमांत आणलेली व नव्या वाहनांना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झालेली उच्च सुरक्षा पाटी याच अडचणीवरील उपाय होय. विक्रीनंतर नाव न बदललेल्या वाहनांचा प्रश्न निराळा. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्यात नोंदीतील व्यक्तीलाच मालक मानून अपघाताच्या भरपाईचे दायित्व तिच्यावर ठेवले.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ‘वाहन’ व ‘सारथी’ या प्रणालींनी कार्यालयांची कपाटे एकत्र जोडली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५अ व ६२ब अन्वये परवाने व वाहने यांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांना कायदेशीर आधार दिला. आज चौकातील वाहतूक पोलीस ई-चलान यंत्रात क्रमांक घालतो आणि तपशील मिळवितो. तेलंगण राज्य मात्र दीर्घकाळ या प्रणालीबाहेर राहिले, ही हैदराबाद रस्त्यावरील सोलापूरला जाणवावी अशीच बाब.

विलंब गेला, त्याच्या जागी काय आले? अमेरिकेत हा प्रश्न एका हत्येने ऐरणीवर आणला. १९८९ साली अभिनेत्री रिबेका शेफर हिचा पत्ता मारेकऱ्याने एका खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागातून मिळविला. त्यानंतर १९९४ मध्ये चालकांच्या माहितीच्या गोपनीयतेचा संघीय कायदा झाला. पोलिसांना त्यातही मुभा आहेच. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला आणि अवघ्या दोन वर्षांत, मार्च २०१९ मध्ये, वाहन व परवाना नोंदींच्या घाऊक विक्रीचे धोरण आले. जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार ८७ खासगी व ३२ सरकारी संस्थांना ही माहिती उपलब्ध झाली होती आणि शासनास सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले होते. २०२० साली ते धोरण रद्द झाले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास यांसाठीच्या माहितीवापरास कलम १७ मध्ये मोठी सूट दिली आहे. लेखी आदेशाची जुनी तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये कायम आहे. चौकातील यंत्रावर क्रमांक घालताना मात्र तशा आदेशाची गरज पडत नाही, आणि आपली नोंद कोणी, केव्हा व कशासाठी पाहिली हे मालकास कळविण्याचे बंधन मोटार वाहन कायद्यात नाही.